मे महिन्याची बाजू

परवा एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. मे महिन्यात असा फोन येण्यात नवल काही नाही, लिहिणाऱ्यांच्या घरी दिवाळीची पहिली चाहूल भर उन्हाळ्यातच लागते. "ताई, यंदा विषय पाऊस. तीन हजार शब्दांची कथा, जुलैअखेर. जमेल ना?" मी तेव्हा ओला टॉवेल मानेभोवती गुंडाळून, कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मिठाची बरणी ठेवून बसले होते. जमेल म्हटलं. मानधनाचं विचारायचं नेहमीप्रमाणे राहून गेलं. फोन ठेवला आणि मग चिडचिड झाली.

पाऊस म्हणजे मराठी साहित्यातला जावई हो. पाटाखाली पाणी आलं तरी त्याला ओवाळायचं. गाड्या बंद पाडल्या, भिंतींना पोपडे आणले, कपडे आंबवले, तरी कविता त्याच्यावरच. उन्हाळा बिचारा घरातला थोरला मुलगा. वर्षभराचा मसाला, लोणचं, पापड, आमसुलं सगळं तो भरून ठेवतो आणि त्याच्या वाट्याला काय, तर "शी, काय उकडतंय!"

मीही वीस वर्षं हेच करत आले. माझ्या कथांत पाऊस मोजून अकरा वेळा पडलाय (काल बसून मोजलं, अकरा!), त्यातल्या निदान सहा वेळा तो नायिकेच्या मनातही पडलाय. उन्हाळा एकदाच, तोही दोन ओळींत आणि "रणरणता". म्हणून ही पोस्ट. थोडी भरपाई.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. तिसरा मजला, वर थेट गच्ची. म्हणजे मे महिन्यात आमचा मुक्काम तव्यावर. बातम्यांत कुलाब्याचं तापमान सांगतात, सांताक्रूझचं सांगतात, विक्रोळीचं कोणी विचारत नाही. पण आमच्याकडे पडदा आहे. सकाळभर तो खिडकीच्या गजांना चिकटून बाहेरच्या बाजूला ओढलेला असतो. एक-दीडच्या सुमारास कधीतरी तो सुटा पडतो, नुसता लोंबतो. मी लिहीत असले तरी एक डोळा तिकडे असतो. मग खालचं टोक जरासं हलतं आणि पडदा सावकाश पोट फुगवून घरात येतो. खाली फरशीवर पदर पसरून आडव्या झालेल्या सासूबाई डोळे न उघडता म्हणतात, "इलो."

पाहुणा आल्यासारखं म्हणतात. समुद्रापेक्षा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि ती जागा भरायला समुद्राकडून वारा आत येतो, हे शाळेत मीही शिकले होते. पण शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं की मार्चमध्ये पूर्वेचे कोरडे वारे त्याची वाट अडवून बसतात, तो उशिरा पोचतो, आणि म्हणून मुंबईचे अडतीस-चाळीस अंशांचे दिवस बहुतेक मार्चमध्ये येतात. मे बदनाम आहे तो घामासाठी. ते मान्य. पण मेमध्ये वारा बहुधा वेळ पाळतो.

वेळ पाळणं हेच मला या ऋतूचं आवडतं. पाऊस कुठेही, कधीही, न विचारता अंगावर येतो. उन्हाळ्यातल्या गोष्टींना आपण हजर राहावं लागतं. ताडगोळे घ्या. अकरापर्यंत गेलात तर कोवळे, वरचं तपकिरी साल नखाने सोलताना आतलं पाणी मनगटावर ओघळणारे. चारला गेलात तर टोपलीत उरलेले जून, आणि विकणारी शपथेवर सांगणार की ताई, आत्ताच उतरवलेत. मी दर वर्षी एकदा तरी फसते. हल्ली ते सोललेले, प्लास्टिकच्या डबीत, दहा मिनिटांत दारात येतात. मागवून बघितले, चव तीच आहे. पण मनगट कोरडं राहतं.

आता मसाला. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तर खाली सरका.

आमच्याकडे मालवणी मसाला लालबागला जाऊन करून आणतात. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून हे खातं माझ्याकडे आलंय. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, थोडी लवंगी "मसाल्याक जीव येवक". दोन दिवस मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, देठं काढायची, आणि त्या हाताने डोळ्याला हात लावायचा नाही. हा नियम मी दर वर्षी मोडते. मग धणे, बडीशेप, शहाजिरे, मसाला वेलची, नागकेशर, दगडफूल, जायपत्री हे सगळं वेगवेगळं भाजून वेगवेगळ्या पुड्यांत बांधायचं आणि पिशवी घेऊन करी रोडला उतरायचं.

कांडपवाल्याकडे रांग असते. आत यंत्राचे लोखंडी मुसळ धाड धाड पडतात, हवा तांबूस होते आणि रांगेतली प्रत्येक बाई आळीपाळीने शिंकते. नाकाला पदर, ओढणी, रुमाल, एकीने तर कोरोनातला मास्क जपून ठेवलेला. तिथे कुणी मोबाइल बघत नाही. सगळ्यांची नजर आपापल्या मिरचीवर, दुसरीच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून. आधीच्या बाईचा मसाला काढून झाल्यावर उखळ नीट झाडून घ्यायला लावणं हे शौर्याचं काम आहे. मला अजून जमत नाही. मी नुसती खाकरते.

यंदा परतीच्या गाडीत मजा झाली. दुपारचा लेडीज डबा, अर्धा रिकामा. मी बसले, मसाल्याची पिशवी मांडीवर, अजून कोमट. कुर्ल्यापर्यंत डब्यातल्या चार जणी शिंकून झाल्या होत्या. मी ओशाळून पिशवी ओढणीत गुंडाळायला लागले, तर समोरची बाई म्हणाली, "राहू दे हो. किती किलो?" चार म्हटलं. "धणे किती घेतले?" सांगितलं. ती गप्प झाली. मग शेजारची म्हणाली, "कमीच आहेत." मग तिसरी, जी इतका वेळ झोपली होती असा माझा समज होता, तिने डोळे उघडून विचारलं, "दगडफूल किती?" मूठभर. "अरे देवा. कडवट होणार बघा." यावर पहिलीने तिला सुनावलं की मटणाला तेवढं लागतंच. घाटकोपर येईपर्यंत त्या दोघींचं जुंपलं होतं आणि चौथी, गुजराती होती बहुतेक, ती मोबाइलमध्ये प्रमाण लिहून घेत होती. कुणाचं, ते कळलं नाही. विक्रोळीला मी उतरले तेव्हा झोपलेली बाई खिडकीतून ओरडली, "बरणीत हिंगाचे खडे टाका!" ते मला माहीत होतं. तरी मान डोलावली.

घरी आल्यावर सासूबाईंनी चिमूटभर मसाला तळहातावर घेऊन चाटला आणि म्हणाल्या, "दगडफूल वाईच जास्त झाला."

पंधरा मेच्या आसपास आमच्या गच्चीवर आणखी एक कार्यक्रम असतो. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांवर वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. मुंबईत हे एकदा मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या २७-२८ला. जुलैमध्ये बहुतेक वेळा ढग असतात, म्हणजे बघायला मिळत नाही. पावसाची ही एक कर्तबगारी कुठल्याच कवितेत नाही. आणि वेळ बाराची नाही हां. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आणि आपण बसलोय पश्चिमेला त्र्याहत्तरच्या जरा अलीकडे. त्यामुळे मुंबईत त्या दिवशी सूर्य डोक्यावर यायला १२ वाजून ३५ मिनिटं होतात. मध्य रेल्वेच्या हद्दीत सूर्यसुद्धा ३५ मिनिटं लेट.

यंदा आमचे चिरंजीव (दहावीचा निकाल लागायचाय, त्यामुळे घरात अतिशय नम्र) आणि बिल्डिंगमधली पाच-सहा पोरं बारा वाजल्यापासून वर होती. जुन्या अँटेनाचा एक सरळ पाइप आहे, तो खरा नायक. शिवाय कुणी बाटली उभी केलेली, कुणी स्टीलचा पेला. मी चप्पल न घालता गेले आणि पहिलं पाऊल टाकताच परत फिरले. पुन्हा आले तेव्हा पाइपची सावली वीतभर राहिली होती. मग चार बोटं. मग नखाएवढी. मग पाइपच्या बुंध्याशी नुसती एक काळी कड, आणि तीही गेली. पेला तर असा दिसत होता की कुणीतरी तो गच्चीच्या फोटोवर कापून चिकटवलाय. कोणी काही बोललं नाही. खालच्या मजल्यावरचे काका धापा टाकत वर आले, "काय बघताय रे एवढं?" त्यावर एक पोरगी म्हणाली, "काही नाही काका. सावली नाहीये, ती बघतोय."

मी या वाक्यावर दोन दिवस जळत होते. वीस वर्षं लिहितेय, मला नसतं सुचलं.

ही गच्ची पुढच्या वर्षी असेल की नाही सांगता येत नाही. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभा जोरात चालू आहेत. टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर वारा भरपूर येईल म्हणतात. येईलही. मिरच्या कुठे वाळवायच्या हा प्रश्न मी सभेत विचारला, तर लोक हसले. मी विनोद केला नव्हता.

बाकी तांबट आहेच, मुंबईचा शहरपक्षी म्हणे. दिसत कधीच नाही. समोरच्या पिंपळातून दुपारभर तांब्याची भांडी ठोकल्यासारखा टुक् टुक् टुक् चालू असतो. त्या ठेक्यावर टंकलेखन बरं होतं. कोकिळेचं म्हणाल तर गातो तो नर, काळा कुळकुळीत, हे कळल्यापासून मी माझ्या दोन जुन्या कथा पुन्हा वाचायचं धाडस केलेलं नाही. आणि बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस, हा फॉरवर्ड यंदाही मला तीन गटांत मिळालाय.

२०२५ साली मात्र कुणाचंच गणित चाललं नाही. मुंबईत मोसमी पावसाची नेहमीची तारीख ११ जून, आणि तो २६ मेलाच दाखल झाला. १९५०नंतर इतक्या लवकर कधीच आला नव्हता. सगळ्यांनी फोटो टाकले, आनंद व्यक्त केला. माझ्या अर्धवट वाळलेल्या अडीच किलो मिरच्या पलंगाखाली पंखा लावून वाळवाव्या लागल्या आणि शेजारीच आंब्याची आढी होती. त्या वर्षीचे शेवटचे हापूस आम्ही किंचित शिंकत खाल्ले. तरी मी त्यावर काही लिहिलं नव्हतं. जावयाबद्दल कसं बोलणार?

तर काल मी संपादकांना उलट फोन केला. म्हटलं, पाऊस नको, उन्हाळ्यावर लिहिते. ते जरा थांबले. "ताई, पण दिवाळीत उन्हाळा कोण वाचणार?" मी म्हटलं, अंक ऑक्टोबरमध्ये येणार ना? ऑक्टोबर हीटमध्ये पंख्याखाली बसून लोकांनी कोसळत्या धारा वाचायच्या, त्यापेक्षा हे बरं. ते हसले. बघतो म्हणाले. मानधनाचं या वेळीही राहिलं.

एवढं लिहीपर्यंत खाली हाक आली. करवंदवाली. वर्षातून तीन-चारदाच आमच्या गल्लीत येते, पळसाच्या पानाचे द्रोण घेऊन. पोराला पिटाळलं. आता मी आणि सासूबाई दारातल्या पायरीवर बसलोय, मधे द्रोण, हाताला चीक. त्यांनी एक करवंद उचललंय, मुठीत लपवलंय आणि विचारतायत, "कोंबडो काय कोंबडी?"

मी कोंबडा म्हटलंय. त्या दाताने फोडून आत लाल आहे का बघतायत. सांगत नाहीयेत.