नॉब हातात येतो तेव्हा

इंजिन बसलं की लोक हळहळतात. गिअरचा नॉब निघून हातात आला की खो-खो हसतात. सिग्नल हिरवा झालाय, मागचा बसवाला हॉर्नवर झोपलाय आणि आपण डाव्या हातात काळा गोळा धरून नुसता दांडा चाचपतोय, हे दृश्य प्रीमियर पद्मिनीच्या मालकाला समजावून सांगावं लागत नाही. १९६४ पासून कुर्ल्यात बनलेली आणि १९७४ मध्ये पद्मिनी झालेली ही फियाट. तिचा दांडा स्टिअरिंगच्या खोडावर, म्हणजे हँड गिअर. नॉब हातून सटकला तर तो मांडीवर थांबेलच असं नाही, पेडलांच्या राज्यातही जातो. ब्रेकच्या पेडलखाली नॉब अडकणं हा विनोद नव्हे. या लेखातलं एवढं एक वाक्य गंभीरपणे घ्या.

आधी निदान. एका हाताने दांडा नॉबच्या लगेच खाली घट्ट धरा आणि दुसऱ्याने नॉब हलवा. नॉब एकटाच डुलला तर दुखणं नॉबचं. दांड्यासकट सगळं डुललं तर खालच्या लिंकेजची, म्हणजे दांडा गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या सळयांची, बुशं (सांध्यांतल्या नळ्या) झिजलीत. ती सोडून नॉब आवळत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता नॉब पूर्ण काढा. इथे खरं उत्खनन सुरू होतं. सगळ्यात वर इन्सुलेशन टेप, उन्हात वितळून काकवी झालेली. तिच्याखाली नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप, हे कुणा प्लंबर-मित्राचं योगदान. त्याखाली सुतळी आणि अगदी तळाशी एम-सील. एकेक थर एकेका मालकाचा, आणि प्रत्येकाने गाडी विकताना 'काही काम नाही, नुसती चालवायची' असं सांगितलेलं! यातल्या टेफ्लॉनवर माझा विशेष राग आहे. टेफ्लॉन मुळात घसरणारं. ते फट भरतं, पकड देत नाही. दोन-तीन वेढे, तेही आटे आवळण्याच्या दिशेने दिले, तर घरी पोहोचता येतं. त्यापुढे त्याची लायकी नाही.

दांड्याचे आटे वायर ब्रशने आणि थिनरने साफ करा. थिनर फक्त दांड्याला. प्लास्टिकच्या नॉबला थिनर लावलात तर नॉबची चकाकी बोटांवर येईल. त्याला साबणाचं पाणी पुरे.

मग मोजमाप, आणि निम्मे नॉब इथेच मरतात. हार्डवेअरच्या दुकानात 'आठचा नट द्या' म्हणणारा माणूस सुखी असतो, नट अडकेपर्यंत. आठ एमएमचे आटे आणि पाच-सोळांश इंचाचे आटे यांत जाडीचा फरक जेमतेम ०.०६ मिलिमीटर. झिजल्यावर वर्नियरवर दोन्ही भावंडं सारखीच दिसतात. फरक आहे तो आट्यांच्या अंतरात. आठ एमएमच्या साध्या आट्यांत ते १.२५ मिलिमीटर असतं, पाच-सोळांशच्या बारीक आट्यांत इंचाला २४ आटे. म्हणून चुकीचा नट दोन-तीन फेरे प्रेमाने जातो, मग रुसतो, आणि पान्याने रेटला की दोघांचेही आटे खातो. पिच गेज (आट्यांचं अंतर मोजायचं साधन) नसेल तर पट्टी लावून १० मिलिमीटरात किती आटे बसतात ते मोजा. आठ भरले तर मिलिमीटरवाला, साडेनवाच्या जवळ गेले तर इंचवाला. फियाटचं घराणं इटालियन, मिलिमीटरचं. अँबॅसिडरचं इंग्लिश, इंचांचं. पण घराण्यावर जाऊ नका. मधल्या काळात कुणी त्या दांड्यावर कुठली डाय (दांड्यावर आटे पाडायचं हत्यार) फिरवली असेल, देव जाणे.

आटे शाबूत असून नॉब नुसताच सैल पडत असेल तर इलाज स्वस्त आहे. गिअर टाकताना मनगट नकळत वळतं, इंजिनची थरथर त्याला साथ देते आणि रोज थोडाथोडा नॉब सुटत जातो. दांड्यावर आधी पातळ चेकनट (नॉबला खालून अडवून धरणारा नट) चढवा, मग नॉब, मग चेकनट वर आणून नॉबला भिडवून आवळा. नॉबवर गिअरचा नकाशा छापलेला असेल तर तो सरळ ठेवायलाही हाच उपाय. चेकनटला जागा नसेल, नॉब दांड्याच्या खांद्यावरच टेकत असेल, तर वॉशर घाला. १.२५ च्या आट्यांवर ०.३ मिलिमीटरचा वॉशर नॉबला साधारण पाव फेरा आधी थांबवतो. नाहीतर पहिला गिअर छताकडे आणि रिव्हर्स शेजारच्या सीटकडे.

निळं थ्रेडलॉकर (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा डिंक) हवं तर लावा, एक थेंब, पण नॉबमध्ये पितळी बुश असेल तरच. ते धातूच्या संगतीत आणि हवा कोंडल्यावर सुकतं. प्लास्टिकच्या आट्यांत ते धड सुकत नाही, उलट काही प्लास्टिकला तडे पाडतं. लाल, म्हणजे जास्त पक्क्या थ्रेडलॉकरच्या, बाटलीला तर हातच लावू नका. पुढे नॉब काढायचा तर दांडा तापवावा लागेल, आणि त्या तापात नॉबच राहणार नाही.

नॉबचे आतले आटेच गेले असतील तर एम-सीलचा डबा परत ठेवा आणि टर्नर (लेथवाला) गाठा. पितळी बुश करून घ्या: बाहेरून १२ मिलिमीटर, नर्लिंग केलेला (पकडीसाठी वर खरखरीत रेघा पाडलेला), लांबी १६; आत आठ एमएमचे आटे हवे असतील तर ६.८ चं भोक पाडून त्यात टॅपने आटे. लांबीत कंजुषी नको, चार आट्यांवर लटकलेला नॉब परत येतोच. नॉबमधलं भोक १२.२ पर्यंत मोठं करताना ड्रिल हळू फिरवा, कारण वेगाने प्लास्टिक वितळून ड्रिललाच चिकटतं. बुश अॅराल्डाइटने बसवा, दोन्ही ट्यूब समसमान, आणि चोवीस तास हात लावू नका. दांडा आत घालून सरळ बसलाय का ते बघायचं असेल तर त्याच्या आट्यांना आधी ग्रीस चोपडा. एरवी तो जोड अमर होतो.

टर्नरकडे दांड्यावर नीट बसणारा नट नमुन्याला न्या. तोंडी माप सांगितलं की तो 'हो हो' म्हणतो आणि त्याच्या आवडीचा टॅप मारतो. बुश मात्र दोन करून घ्या. लेथ एकदा लावला की दुसऱ्याला वेळ लागत नाही, आणि टर्नर पैसेही एकाचेच घेतो, फक्त तो आकडा दोघांचा असतो.