लिंकनची खरी पत्रं वाचा की!

'माझ्या मुलाला हार स्वीकारायला शिकवा' वगैरे सांगणारं, सगळीकडे फिरणारं ते पत्र अब्राहम लिंकननं मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं नाही. एकदा स्पष्टच लिहिते, कारण सकाळपासून डोकं तापलंय.

आज आमच्या सोसायटीत दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार होता. पेढे, गुलाबाचं फूल, आणि प्रत्येकाच्या हातात फ्रेम केलेलं ते पत्र, वर लिंकनचा फोटो. प्रमुख पाहुण्यांनी ते आवाज चढवत-उतरवत पूर्ण वाचलं. आयांच्या डोळ्यांत पाणी. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, सर, हे पत्र लिंकनचं नाही. तर म्हणाले, "अहो ताई, कुणाचं का असेना, विचार चांगले आहेत ना!"

या वाक्याचा मला भयंकर संताप येतो. विचार चांगले आहेत तर स्वतःच्या नावावर सांगा. मेलेल्या माणसाच्या तोंडी का घालता? उद्या शिवाजी महाराजांच्या नावावर कुणी घरी बसून पत्र रचलं आणि म्हणालं विचार चांगले आहेत, तर ऐकून घेऊ का आपण? मग लिंकन परका म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवायचं? जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. इतकं जुनं नातं आहे आपलं त्या लढ्याशी. त्या माणसाचं खरं काय ते वाचण्याइतके तरी कष्ट घ्या.

आणि ते वाचणं अवघड राहिलेलं नाही. लिंकनचं समग्र लेखन आठ जाडजूड खंडांत छापलेलं आहे. थोरल्या मुलानं, रॉबर्टनं, जपलेले वडिलांचे कागद अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात (लायब्ररी ऑफ काँग्रेस) आहेत. त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षं ते बंद होते, १९४७ साली उघडले. आता मोबाइलवर दिसतात, लिंकनच्या अक्षरासकट. हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र यात कुठेही नाही. मुळात तो तसा बापच नव्हता. धाकटा टॅड बाराव्या वर्षी, वडिलांचा खून झाला तेव्हासुद्धा, नीट वाचू शकत नव्हता, कारण बापानं अभ्यासासाठी कधी मागे लागणंच केलं नाही.

बरं, मान्य करते. मराठी रूपांतर वसंत बापटांचं आहे आणि ते कानाला गोड लागतं. त्या पत्रामुळे खेड्यापाड्यातल्या मुलांना लिंकनचं नाव तरी कळलं, हेही खरं. पण तेवढंच.

माझा राग पुस्तकी नाही. माझ्या भाच्याचं सांगते. प्रवेश परीक्षेत त्याला हवे होते त्याच्या जवळपासही मार्क पडले नाहीत. खोलीचं दार लावून बसला, जेवायलाही बाहेर येईना. आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकामागून एक तेच पत्र येऊ लागलं. हार कशी स्वीकारावी, घाम गाळून मिळवलेलं कसं मोलाचं असतं, वगैरे. पोरगं जमिनीवर पडलंय आणि तुम्ही वरून सुविचार टाकताय! मी सांगलीला बहिणीकडे गेले तेव्हा त्यानं फोन बंद करून कपाटात टाकला होता.

रात्री गच्चीवर मी त्याला जॉर्ज लॅथमला आलेलं पत्र वाचून दाखवलं. हा लॅथम रॉबर्ट लिंकनचा मित्र, एक्सेटरच्या शाळेत बरोबर शिकलेला. रॉबर्टसुद्धा आदल्या वर्षी हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत आपटला होता, म्हणून एक्सेटरला वर्षभर तयारी करत होता. १८६० मध्ये रॉबर्टला प्रवेश मिळाला, लॅथमला नाही. बातमी कळली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २२ जुलैला, लिंकननं पत्र लिहिलं. तेव्हा तो राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता, निवडणूक नोव्हेंबरात. देश फुटायच्या बेतात, आणि हा माणूस मुलाच्या नापास झालेल्या मित्राला पत्र लिहीत बसलाय.

लिहितो काय? की तू हार्वर्डमध्ये गेला नाहीस हे कळून मला झालं तेवढं दुःख आयुष्यात क्वचितच झालं असेल. पण तू खचला नाहीस तर यात फारसं काही नाही. प्रयत्न केलायस ना, मग आता तडीस नेलाच पाहिजे. मी वयानं मोठा आहे, खूप सोसलेलं आहे, त्या भरवशावर सांगतो. आणि पुढे, विद्यापीठाचा अध्यक्ष भला माणूस असणार, जाऊन भेट, अडचण कशी दूर करायची ते तो सांगेल. ज्यांना सहज प्रवेश मिळाला त्यांच्यापेक्षा तू पुढे जास्त यशस्वी होणार नाहीस असं या अपयशावरून काही ठरत नाही.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, हा ज्ञान देत नाहीये. ह्याला खरंच वाईट वाटलंय." फरक सतरा वर्षांच्या पोराला कळला. सत्काराच्या पाहुण्यांना कळत नाही.

त्या रात्री आम्ही पुढेही वाचत बसलो. १८६३ चा जुलै घ्या. अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलेलं, लिंकन उत्तरेच्या बाजूला. ४ जुलैला उत्तरेचा सेनापती ग्रँटनं दक्षिणेचं व्हिक्सबर्ग शहर जिंकलं. त्याची चाल चुकतेय असं लिंकनला मध्यंतरी वाटलं होतं. १३ जुलैला त्यानं ग्रँटला पत्र पाठवलं की तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं, हे मला स्वतः कबूल करायचंय. देशाचा राष्ट्राध्यक्ष आपल्या हाताखालच्या सेनापतीला, भर युद्धात, लेखी देतोय! आपल्याकडे ग्रामपंचायतीचा सदस्य देईल का असं लिहून?

आणि लगेच दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला, जनरल मीडला लिहिलेलं पत्र बघा. उत्तरेच्याच या सेनापतीनं गेटिसबर्गची लढाई जिंकली, पण दक्षिणेचा सेनापती ली याचं सैन्य पोटोमॅक नदी ओलांडून निसटलं. लिंकन अक्षरशः जळफळलाय. शत्रू मुठीत आला होता, तुम्ही सोडलात, आता युद्ध किती लांबेल सांगता येत नाही, तुमची सोन्यासारखी संधी गेली, याचं मला अपार दुःख आहे. लिहिलं सगळं. मग पाकिटावर नोंद केली की मीडना, कधी पाठवलं नाही, सही केली नाही. ठेवून दिलं. भाच्यानं ते पाकीट स्क्रीनवर मोठं करून पाहिलं, त्यावर बोट फिरवलं. रागावणारा, लिहून मोकळा होणारा आणि मग हात आवरणारा माणूस त्यात दिसतो. फ्रेममधला लिंकन कधी रागावतच नाही, मग पोरं त्याच्याकडून राग गिळायला शिकणार कशी?

आता तुम्ही म्हणाल, खरी पत्रं वाचली तर थोर माणसाचे दोषही दिसतील. हो, दिसतात. मुलासाठी लिंकननं खरंच एक पत्र लिहिलंय, १९ जानेवारी १८६५ ला, तेही हेडमास्तरांना नव्हे, जनरल ग्रँटना. हे पत्र मी राष्ट्राध्यक्ष नसून फक्त मित्र आहे असं समजून वाचा, अशी सुरुवात. माझा मुलगा बाविसाव्या वर्षात आहे, हार्वर्डमधून पदवीधर झालाय, युद्ध संपण्याआधी त्याला ते जवळून बघायचंय. तुमच्यासोबत नावापुरत्या हुद्द्यावर घेता येईल का? खर्च सरकार नाही, मी करीन. जे आधीपासून लढतायत त्यांचा हक्क डावलून त्याला अधिकारपद नको. आणि जमत नसेल तर बिनदिक्कत नाही म्हणा. भाचा पटकन म्हणाला, "म्हणजे वशिलाच की!" होय रे बाबा, वशिलाच. लाखो बायकांची पोरं रांगेत उभी राहून मरत होती आणि रॉबर्ट कॅप्टन होऊन ग्रँटच्या दिमतीला गेला. मला ते आवडत नाही. पण मागताना लाजणारा, स्वतःच्याच मागणीला कुंपण घालणारा बाप त्यात दिसतो. घरी एक मुलगा आधीच गेलेला होता, विली, १८६२ च्या फेब्रुवारीत. आई थोरल्याला सैन्यात पाठवायला तयार नव्हती. हे सगळं त्या चार ओळींमागे आहे. मुलांना हे सांगा. ती विचार करतील, वाद घालतील. आम्ही रात्री उशिरापर्यंत वाद घातला.

अशी बनवाबनवी फक्त आपणच करतो असं नाही म्हणा. खुद्द अमेरिकेत जनरल लीनं मुलाला लिहिलेलं म्हणून कर्तव्यावरचं एक पत्र वर्षानुवर्षं छापलं गेलं, तेही बनावट निघालं. युद्धात मुलगे गमावलेल्या मिसेस बिक्सबीला पाठवलेलं लिंकनचं प्रसिद्ध पत्र त्याचं की त्याचा सचिव जॉन हे (Hay) याचं, यावर तिथले अभ्यासक अजून भांडतात. पण निदान भांडतात तरी. "विचार चांगले आहेत ना" म्हणून गप्प बसत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचा सेनापती आयझेनहॉवर यानं फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या स्वारीआधी लिहून ठेवलेली चिठ्ठी माहितीये का कुणाला? जून १९४४. स्वारी फसली तर वाचायची म्हणून. आधी लिहिलं, सैन्य मागे घेण्यात आलं आहे. मग ते खोडून केलं, मी सैन्य मागे घेतलं आहे. शेवटी, दोष असेल तर तो एकट्या माझा. इतका ताण की तारीख टाकताना जूनच्या जागी जुलै पडला. ही खाडाखोड दहावीच्या मुलांना दाखवायला किती खर्च येतो हो?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. आता शेवटचं एक सांगते. १८६२ चा डिसेंबर. फ्रेडरिक्सबर्गला उत्तरेचा दारुण पराभव झालेला, मंत्री एकमेकांच्या उरावर बसलेले. ब्लूमिंग्टनचा जुना मित्र विल्यम मॅकलॉ लढाईत पडला आणि त्याची मुलगी फॅनी दुःखानं खोलीबाहेर येईना. २३ तारखेला लिंकननं तिला लिहिलं की दुःख सगळ्यांनाच होतं, पण तरुणांना जास्त झोंबतं, कारण ते त्यांना बेसावध गाठतं. आज तुला पटणार नाही की पुन्हा कधी बरं वाटेल. पण वाटेल. मला अनुभव आहे म्हणून सांगतो. विली जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मला हे पत्र मोठ्यानं वाचता येत नाही, आवाज अडकतो. भाच्याला दिलं, त्यानं मनातल्या मनात वाचलं.

मित्रयादीतल्या शिक्षकांनो, लॅथमच्या पत्राचा साधा मराठी अनुवाद माझ्याकडे तयार आहे, एका पानात बसतो. हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये लिहा, आजच पाठवते. वर्गात लावाल तेव्हा खाली तारीख आणि गाव जरूर घाला: स्प्रिंगफील्ड, इलिनॉय, २२ जुलै १८६०.