दोर कापणारा की वाट दाखवणारा?

"त्या पोरामुळंच गरुड सापडला. शिकाऱ्याला शिव्या काय घालताय, आधी त्या पोराच्या कानाखाली वाजवायला पाहिजे होती."

ईराण्णानं असं म्हटलं आणि बेळगावातल्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या आमच्या कट्ट्यावर त्या संध्याकाळी दुसरा विषय निघालाच नाही. सुट्टीत त्याच्या पोरीनं डिस्नेचा १९९० सालचा 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर' इतक्या वेळा लावला, की फ्लेक्सच्या दुकानातून जेवायला घरी येणाऱ्या ईराण्णाला तो तुकड्यातुकड्यांनी सगळा पाठ झालाय. कोडी नावाचा मुलगा ऑस्ट्रेलियातल्या एका कड्यावर दोरखंडात अडकलेली भलीमोठी गरुडीण बघतो, चाकूनं दोर कापून तिला सोडवतो. माराहूटे तिचं नाव. ती त्याला पाठीवर घेऊन आभाळात फिरवते, घरट्यातली अंडी दाखवते, एक पीस देते. तिचा नर मॅकलीच नावाच्या शिकाऱ्यानं आधीच मारलेला. पुढं पोरगंच मॅकलीचच्या खड्ड्यात पडतं, आणि ते पीस बघून तो ओळखतो, की याला घरटं ठाऊक आहे. मग न्यूयॉर्कहून बर्नार्ड आणि बियांका ही उंदरांची जोडी सुटकेला निघते. मुलांना उंदीरच जास्त आवडतात. आम्ही मात्र अडकलो पोरावर.

विनायक प्राथमिक शाळेत मास्तर. लहान मुलाला दोष द्यायचा म्हटलं की त्याचा आवाज चढतो. "अरे, त्यानं तोंड उघडलं का? चाकू फेकले, दम दिला, तरी पोरगं बोललं नाही."

"बोललं नाही, पण चाललं की," ईराण्णा म्हणाला. "मॅकलीच काय करतोय, तर पोराला सोडून देतोय. गरुडीण कुणीतरी मारली म्हणे, आता त्या अंड्यांचं कसं व्हायचं बिचाऱ्यांचं. एवढं म्हटलं की हे खुळं पळत सुटलं सरळ घरट्याकडं. तो आपला मागनं."

इथं बाळ्या मध्ये पडला. तो खानापूर-जांबोटी पट्ट्यात टेम्पो चालवतो, मामाचं शेत तिकडंच, जंगलाला लागून. "मी सांगतो, त्या पिच्चरमधी खरं असंल तर एवढंच खरं हाय. बाकी दोर कापणं आणि पाठीवर बसणं सोडा. शिकारी काय रानभर हुडकत बसत नाही. ज्याला जनावराचा लळा हाय, त्याच्या मागनं जातो. आमच्याकडंबी तसंच."

मग त्यानं धनेशाची, म्हणजे मोठ्या चोचीच्या हॉर्नबिल पाखराची गोष्ट काढली, आणि मला वाटतं त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं बोलणं तेच. भीमगडच्या रानात, दांडेलीकडं, उंच जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. मादी आत शिरते आणि चिखल, विष्ठा असलं काय काय लावून ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट राहते. अंडी, पिल्लं, सगळं आतच. आत असताना तिची उडायची पिसंही गळून पडतात. नर महिनोन्‌महिने उंबर-वडाची फळं आणून त्या फटीतून भरवतो. "आता तो नर कुणी पाडला," बाळ्या म्हणाला, "तर एका बारात घरच संपलं. तुमच्या मॅकलीचनं नर मारला तेव्हा गरुडीण उडती तरी होती. हिला तर बाहेरबी पडायला येत नाही. आणि ढोली तीच असते, वर्षानुवर्षं. एकदा जागा कळली की कळली."

"म्हणजे कुणाला सांगायचीच नाही?" विनायक.

"तू सांगितलीस की! मागच्या उन्हाळ्यात स्टेटसला फोटो टाकलास. नुसता फोटो न्हवं, खाली लिहिलंस, देवळामागचं झाड. देऊळ कुठलं ते फोटोत दिसायलंय."

विनायक गप्प. मग म्हणाला, पोरांना निसर्ग दाखवायचा नाही तर काय दाखवायचं. यावरही अर्धा तास जाऊ शकला असता. माझं मत विचाराल तर बाळ्याचं बरोबर होतं. पण विनायकचा प्रश्नही फेकून देण्यासारखा नाही. कोडीनं घरटं पाहिलंच नसतं तर दमदाटी होऊनही गप्प राहायला त्याला कारणच उरलं नसतं.

मधेच मी एक फाटा फोडला. माराहूटेला सिनेमात गोल्डन ईगल म्हटलंय, पण तो गरुड ऑस्ट्रेलियात नसतोच. तिथला मोठा गरुड म्हणजे पाचरीसारख्या शेपटीचा वेज-टेल्ड ईगल. ईराण्णानं माझ्याकडं बघितलं. "अय्यो! पाच-सहा किलोचं पाखरू पोराला पाठीवर घेऊन ढगात जातंय, ते तुला चाललं. जात चुकली ते चाललं नाही?" यावर मला बोलायला जागा नव्हती.

अरुणमामा तोवर चहा पीत नुसते ऐकत होते. पशुवैद्यकीय खात्यात त्यांची उभी नोकरी गेली. डॉक्टर नव्हेत, पण बेळगाव तालुक्यातल्या निम्म्या म्हशी त्यांना ओळखतात. ते म्हणाले, "त्या शिकाऱ्याबरोबर ती सरड्यागत कोण असते?"

"जोआना," ईराण्णा. "अंडी चोरते ती."

"ती घोरपड की रे. तिकडच्या भाषेत गोआना म्हणतात, आपल्या घोरपडीची चुलतबहीण. आता गंमत बघ. पिच्चरमध्ये घोरपड शिकाऱ्याची साथीदार. आणि आपल्याकडं शिकार कुणाची जास्त? घोरपडीचीच. मटणाला मारतात, तेल काढतात, आणि नराचं लिंग वाळवून हत्ताजोडी म्हणून विकतात. घेणाऱ्याला वाटतं झाडाचं मूळ आहे, गल्ल्यात ठेवलं की बरकत येते. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे घोरपड, वाघाच्या पंगतीला. सापडला तर तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण घोरपड सुटली म्हणून कुणी टाळ्या वाजवल्याचं ऐकलंय?"

"कार्टूनमध्ये कुणीतरी वाईट लागतंच," विनायक म्हणाला. "मुलांना कळायला सोपं जातं."

"आणि मोठ्यांना सुटायला सोपं जातं," अरुणमामा म्हणाले. "वाईट दिसणाऱ्याची काळजी करायला नको."

मग ते दोर कापण्यावर आले, आणि इथं त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तारेच्या फासात अडकलेलं जनावर स्वतःच फास आवळत जातं. जेवढी धडपड, तेवढी तार मांसात. रक्त थांबतं, पाय काळा पडतो. अशा जनावराची तार कापून त्याला पळू दिलं की बघणारे खूश, पण सडायला लागलेला पाय घेऊन ते किती दिवस काढणार? हरणाचं तर आणखी नाजूक. नुसत्या भीतीनं आणि धडपडीनं त्याचे स्नायू आतून निकामी होतात, तो कचरा मूत्रपिंडात जातो, आणि वरून धडधाकट दिसणारं हरीण दोन-चार दिवसांनी कुठंतरी झुडपात मरून पडतं. "म्हणून गर्दी करायची नाही, व्हिडिओ काढत उभं राहायचं नाही. लांब थांबायचं, शक्य असेल तर अंगावर कापड टाकून डोळे झाकायचे, वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करायचा, डॉक्टर येऊन भूल देईपर्यंत हात लावायचा नाही. चाकू घेऊन पुढं जाणारा हिरो लागतो तो पिच्चरला."

"आणि खवले मांजर?" मी विचारलं.

"त्याचं दुर्दैव वेगळंच. भ्यालं की गोळा होऊन बसतं. बिबट्या चावून चावून कंटाळतो, पण माणूस आपला उचलून पोत्यात टाकतो. खवले कसले, तर आपल्या नखांचाच पदार्थ, केराटिन. त्यासाठी जगभर तस्करी. बरं, पकडलेलं सोडवलं तरी सांभाळणं कठीण. मुंग्या आणि वाळवी सोडून दुसरं खाणं नाही, आणि मादीला एका वेळी बहुतेक एकच पिल्लू."

कुणी काही बोललं नाही. ईराण्णानं सुपारी तोंडात टाकली आणि जे बोलला त्यानं मी तरी अजून अडकलोय. त्याच्या पोरीनं त्याला विचारलं होतं, पप्पा, पिंजऱ्यातल्या बाकीच्यांचं काय झालं? मॅकलीचच्या अड्ड्यावर पिंजऱ्यांची रांग आहे, त्यात एक कोआला, झालरीच्या गळ्याचा एक सरडा, आणखी कोण कोण. कोडी तिथं कोंडलेला असताना ते सगळे मिळून सुटायची खटपट करतात, त्यावर हशाही होतो. पण शेवटी मॅकलीच धबधब्यावरून खाली जातो, गरुडीण सुटते, पोरगं सुटतं, अंडं फुटून पिल्लू बाहेर येतं आणि सिनेमा संपतो. पिंजरे उघडताना कुणी दाखवलंच नाही. किल्ल्या ज्याच्याकडं, तो तर पाण्यात गेला.

"विसरले असतील," विनायक.

"विसरले नाहीत, गरज वाटली नाही," अरुणमामा म्हणाले. "गरुड सुटला म्हणजे सगळे सुटले असं आपल्याला वाटतंच. आपल्या खानापूर तालुक्यात भीमगडजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. तिथलं ते वटवाघूळ, राऊटनचं म्हणतात, कितीतरी वर्षं जगात फक्त त्याच गुहांतून माहीत होतं. पुढं मेघालयात, कंबोडियात सापडलं. भीमगड अभयारण्य झालं २०११ साली. आता बेळगावात शंभर जणांना विचार, वाघ सगळ्यांना माहीत. वटवाघूळ?"

मला स्वतःला हा मुद्दा दोर कापण्यापेक्षाही मोठा वाटला. मी तसं म्हटलंही, पण बाळ्याच्या डोक्यात तोवर दुसरंच चाललेलं. तारेच्या फासाचं नाव निघाल्यापासून तो चुळबुळत होता. शेवटी बोलला. मामाच्या बांधाला लागून जे शेत आहे, तिथं कुंपणाच्या फटीत फास लावलेत. मोटारसायकलची क्लच वायर. डुकरांसाठी.

"डुकरांसाठी लावला तरी फासाला कुठं कळतंय डुक्कर कोण आणि अस्वल कोण," अरुणमामा म्हणाले. "आणि कायद्यात फास लावणं हीच शिकार. जनावर अडकलेलं असो नाहीतर नसो."

"शेत कुणाचं?" विनायकनं विचारलं.

"ते मी सांगणार नाही."

विनायकला मघाचं उट्टं काढायचंच होतं. "वा रे वा! कोडी गप्प बसला तो घरट्यासाठी. तू मॅकलीचसाठी गप्प बसायलायस."

बाळ्या उसळला. "मॅकलीच? त्याला ट्रक हाय काय, अड्डा हाय काय? भात पोटरीला आला की डुकरांचा कळप एका रात्रीत लोळून जातो. रात्रभर माळ्यावर डबा वाजवत बसतोय तो, म्हातारा माणूस. तू बस एक रात्र. मग शिकारी म्हण."

आता दोन्ही बाजू खऱ्या असल्या की भांडण जास्त होतं. विनायकचं म्हणणं, आज डुक्कर अडकेल, उद्या बिबट्या, आणि मग कातडं घेणारा माणूस आपोआप दारात येईल. बाळ्याचं म्हणणं, फॉरेस्ट गार्डाला सांगितलं तर म्हातारा आत आणि डुकरं बाहेर. मी आपला बाळ्याला म्हटलं, तू जाऊन फास काढून आण, प्रश्न मिटला. अरुणमामा हसले. "दुसऱ्या दिवशी नवे लागतील. क्लच वायर काय महाग आहे?"

ईराण्णा म्हणाला, मी फुकटात फ्लेक्स छापतो, फास लावणं गुन्हा आहे म्हणून, कन्नड-मराठी दोन्ही भाषांत. बाळ्या म्हणाला, लई बरं होईल, पावसाळ्यात गोठ्यावर घालायला कामाला येईल.

मग अरुणमामांनीच सरळ काढलं. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते, म्हाताऱ्यानं कधी मागितली आहे का? बाळ्याला ठाऊक नव्हतं. मागितली नसणार, कारण अर्ज कन्नडात लिहायचा, आणि म्हाताऱ्याला सही मराठीतच कशीबशी येते. सगळे ईराण्णाकडं बघायला लागले. त्यानं खिशातून दुकानाचं बिलबुक काढलं, एका बिलाची मागची बाजू उलटी केली, गुडघ्यावर ठेवून दोन ओळी लिहिल्याही. भरपाई हातात पडली की फास काढायची अट म्हाताऱ्याला घालायची, असं विनायक मधे मधे सांगत होता. त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

"नाव सांग," ईराण्णा पेन थांबवून म्हणाला. "उताऱ्यावर असेल तसं."

बाळ्यानं गेटाकडं बघितलं, विनायककडं बघितलं.

"तू बाकीचं लिही. नावाची जागा मोकळी ठेव."