बाहेरचे कोण, आणि कधीपासून

पप्पांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी मी दहावीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला. नाशिकला प्रेसमधून निवृत्त झाले त्या समारंभातला, गळ्यात हार, हातात नारळ. बऱ्याच जणांनी हात जोडले. चौथीपासून माझ्या बाकावर बसणाऱ्या एका मित्रानं लिहिलं, 'काकांना विनम्र आदरांजली. देवमाणूस. तुझं एक बरं आहे, तिकडे आपल्याच लोकांत आहेस. आमच्यासारख्याला परदेशात परकं वाटतं, तुम्हा लोकांना नाही वाटणार.'

त्यानं चांगल्या मनानं लिहिलं होतं, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच ते डोक्यातून जात नाही. आधीचे तीन दिवस ग्रुपवर 'बाहेरचे' हाच विषय पेटला होता. सिंहस्थाची कामं बाहेरच्यांना, सातपूर-अंबडच्या नोकऱ्या बाहेरच्यांना, रिक्षावाल्याला मराठी येत नाही. मीही त्या वादात हिरिरीनं उतरलो होतो, भाषेच्या मुद्द्यावर तर सगळ्यात लांब पोस्ट माझी. चौथ्या दिवशी कळलं की बाहेरच्यांच्या यादीत मीसुद्धा आहे.

आपलेच लोक, म्हणजे ख्रिस्ती! सतरा वर्षं मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक चर्च होतं, त्याचे आता सहा फ्लॅट झालेत. रंगीत काचेची मोठी खिडकी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात गेली. आम्ही जातो त्या चर्चमध्ये रविवारी वीस-बावीस माणसं असतात, आणि व्हिकरना, म्हणजे तिथल्या पाळकांना, त्याच सकाळी आणखी दोन ठिकाणी पोचायचं असतं. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले, निम्म्याहून कमी. त्यातले आत किती येतात ते मी बाकावर बसून मोजत असतो. आणि नाशिकला आमच्या शरणपूरला नाताळच्या उपासनेला दहा मिनिटं उशीर झाला तर बाहेर मांडवात उभं राहावं लागतं. कोण कोणाच्या लोकांत आहे ते सांगा आता.

ऑफिसात ऑक्टोबर उजाडला की सगळे मला 'हॅपी दिवाळी' म्हणतात. सुरुवातीला मी समजावून सांगायचो, की दिवाळी आमच्या गल्लीची, नाताळ आमच्या घरचा, करंज्या दोन्हीकडे त्याच. मग हमखास पुढचा प्रश्न यायचा, 'तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?' जणू मागच्याच आठवड्यात. हळूहळू मी सांगायचं सोडून दिलं. आता नुसतं 'थँक यू' म्हणतो. पप्पांनी असं सोडलं नसतं.

माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. त्यांचा बाप्तिस्मा १८९६-९७ च्या दुष्काळात झाला. म्हणून आम्हाला 'दुष्काळातले ख्रिस्ती' म्हणायची पद्धत आहे, तोंडावर नाही, पाठीमागे. असतील दुष्काळातले. उपाशी माणसाला कोणी भाकरी दिली आणि तो देणाऱ्याच्या देवापुढे जाऊन बसला, यात खाली मान घालण्यासारखं मला काही दिसत नाही. पण त्याआधी ते कुठे राहत होते? गावकुसाबाहेर. वस्ती बाहेर, पाणवठा बाहेर, देऊळ बघायचं तेही बाहेरूनच. मी पाचवीत असताना पप्पा आम्हा दोघा भावांना काळाराम मंदिरात घेऊन गेले होते. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी इथे सत्याग्रह सुरू केला, हे त्यांनी दारातच सांगितलं. आत जाऊन आम्ही रामाला हात जोडले. बाहेर येऊन चपला घालताना म्हणाले, 'इथे आपली माणसं वर्षानुवर्षं उभी होती, विसरू नका.' आमच्या घरात तोवर तिसरी पिढी ख्रिस्ती होती, तरी त्यांच्या तोंडी 'आपली माणसं' आलं. मग मित्रा, आम्ही बाहेरचे झालो ते धर्म बदलला तेव्हा, की त्याच्या आधीपासूनच होतो?

हे सगळं मी त्याला लिहायला घेतलं होतं. इंग्लंडहून आलेले आणि १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण देणारे फादर स्टीफन्स लिहिले. जलालपूरला जन्मलेल्या आणि १९३६ मध्ये नाशिकमध्येच वारलेल्या, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या ख्रिस्ती लक्ष्मीबाई टिळक लिहिल्या. मग सगळं पुसलं. माझ्या बापाचं मराठीपण सिद्ध करायला लक्ष्मीबाईंना साक्षीला बोलवावं लागावं, हे मला सहन झालं नाही. पप्पा रोज रात्री जेवणानंतर पेटी काढायचे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा एक अभंग, शास्त्रातला एक अध्याय, मग प्रार्थना. प्रार्थनेत आधी शेजाऱ्यांची नावं, नंतर नातेवाईक, शेवटी आम्ही. शेजारी आजारी असले की प्रार्थना लांबायची आणि आम्ही दोघे भाऊ डोळे किलकिले करून एकमेकांना चिमटे काढायचो.

रविवारी उपासना झाली की पप्पा घरी यायच्या आधी सिव्हिलला जायचे. थर्मासमध्ये चहा, पिशवीत पाव, कंगवा, नखं कापायचं यंत्र. पेठ-सुरगाण्याकडून आलेले, जवळ कुणी नसलेले पेशंट शोधायचे. त्यांना चहा पाजायचा, नखं कापायची, घरी पत्र लिहून द्यायचं. पुस्तक नाही वाटलं, उपदेश नाही केला. 'झोपलेल्या माणसाची नखं वाढलेली असली की फार एकटा दिसतो तो,' म्हणायचे.

२७ ऑगस्ट २००३, सिंहस्थातलं शाही स्नान. काळारामाकडून रामकुंडावर उतरणाऱ्या रस्त्यावर, सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरी झाली. ३९ भाविक गेले. पप्पांची दुसरी पाळी होती, कामावर गेले नाहीत. माझी कॉलेजची एक कोरी वही घेतली, पेन घेतलं आणि मला म्हणाले, 'चल.' सिव्हिलच्या आवारात नुसता आक्रोश. परराज्यातली म्हातारी माणसं, बरोबरची माणसं हरवलेली, भाषा कळेना. पप्पा एकेका खाटेपाशी वाकून विचारत होते आणि पट्टीनं आखल्यासारखे रकाने भरत होते: नाव, गाव, बरोबर कोण, घरचा फोन, कळवले किंवा नाही. मी ती पानं घेऊन समोरच्या एसटीडी बूथवर धावायचो. पलीकडून रडणं सुरू झालं की माझ्याच्यानं बोलवत नसे. दोनदा मी वही बूथवर टाकून घरी पळायला निघालो होतो. बूथवाल्यानं रात्री अकरानंतर पैसे घेणं बंद केलं. पप्पा पहाटे चार वाजता बाकावर बसले तेव्हा सगळ्यात शेवटच्या रकान्यात तीन नावांपुढे 'नाही' उरलं होतं. त्या तिघांसाठी ते पुढचे चार दिवस जात राहिले.

त्या वहीत एकही नाव नाशिकचं नाही. सगळे बाहेरचे. आणि ख्रिस्ती तर एकही नाही.

२०१४ मध्ये पप्पा आणि मम्मी तीन महिने आमच्याकडे राहिले. पहिल्या रविवारी पप्पा कोट-टाय घालून चर्चला आले, माझ्यापेक्षा नीटनेटके. उपासनेनंतर हॉलमध्ये चहा असतो. एका आजीबाईंनी त्यांना तोच प्रश्न विचारला, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? मी कानकोंडा झालो. पप्पा त्यांच्या प्रेसमधल्या इंग्रजीत शांतपणे म्हणाले, 'मॅडम, माझ्या आजोबांना विचारावं लागेल. तुमच्या घरचे कधी झाले?' आजीबाई विचारात पडल्या, मग दोघंही हसले. चहा झाल्यावर सगळे निघाले तर पप्पा सिंकपाशी, बाह्या दुमडून कप विसळतायत. दुसऱ्या रविवारी तेच. महिना संपायच्या आत हॉलच्या स्वयंपाकघराची किल्ली त्यांच्या खिशात होती. त्यांना परत जाऊन अकरा वर्षं होत आली तरी तिथली माणसं मला विचारायची, 'हाऊ इज युअर फादर?' माझं नाव त्यांतल्या निम्म्यांना आजही येत नाही. मी कधी कप विसळला नव्हता. मला नेहमी घाई असायची, गाडी दोन तासांच्या पार्किंगला लावलेली असायची.

लंडनमध्ये त्यांना एकच गोष्ट बघायची होती. वेस्टमिन्स्टर ॲबीत मधोमध काळ्या संगमरवराची एक फरशी आहे, आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या कबरीची. शरणपूरला मिशनची वस्ती १८५० च्या दशकात वसली, आणि गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहून शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा जेकब बरोबर होता. त्यानं दफनविधीचं वाचन केलं, झाडाच्या खोडावर नाव कोरलं, आणि सोबत्यांबरोबर तो देह महिनोन्‌महिने पायी वाहून समुद्रापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ ला ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. शरणपूरच्या संडे स्कूलमध्ये पप्पा ही गोष्ट दरवर्षी सांगायचे, 'आपला जेकब' म्हणून. फरशीवर पहिल्याच ओळीत लिहिलंय की विश्वासू हातांनी भूमीवरून आणि समुद्रावरून आणलेला हा इथे विसावला आहे. पप्पांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मग मला विचारलं, 'हातांची नावं कुठे आहेत?' फरशीवर नाहीत, म्हटलं. ते बराच वेळ तिथून हलले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट द्यायला मी त्यांचा दंड धरून बाजूला घेत होतो.

पप्पा गेले तेव्हा मी पोचू शकलो नाही. 'कोणासाठी थांबू नका,' असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी दफन झालं आणि मी तिसऱ्या दिवशी दुपारी उतरलो. माती ओली होती. शोकसभेत बोलायला उठलो तर पाळकसाहेबांनी ओळख करून दिली, 'हे आपले परदेशातले बंधू.' कोणी वाईट अर्थानं म्हणालं नव्हतं.

निघायच्या आदल्या रात्री धाकट्यानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा समोर ठेवला. आत २००३ ची वही, आणि तिच्याखाली रबर लावलेल्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वर्गणीच्या पावत्या. मला वाटलं पप्पांच्या असतील. त्यांच्या वेगळ्या होत्या. या माझ्या नावाच्या होत्या. मी गेलो त्या सालापासून दर वर्षाची एक, न चुकता. 'मंडळीचे सभासद श्री.' पुढे माझं पूर्ण नाव, आणि खाली 'हस्ते' पुढे पप्पांची सही. शेवटच्या दोन-तीन वर्षांची सही थरथरलेली. सतरा वर्षं माझं नाव यादीतून जाऊ दिलं नव्हतं त्यांनी, आणि मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

मित्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

या पुनरुत्थानाच्या दिवशी, ईस्टरला, तिकडच्या पहाटे पाचला धाकट्यानं कबरस्थानातून व्हिडिओ कॉल लावला. इथे रात्रीचे साडेबारा. मेणबत्त्या, झेंडूच्या पाकळ्या, कुणीतरी पेटीवर सूर धरलेला. मम्मी पप्पांच्या कबरीवरची पानं हातानं गोळा करत होती. धाकट्यानं फोन तोंडाजवळ घेतला आणि हळूच म्हणाला, 'दादा, यंदाची तुझी वर्गणी भरायची राहिलीय. हस्ते कोणाचं नाव लिहू?'