बाजरीच्या भाकरीवर उठलेला तो तक्ता

आमच्या आत्यानं गेल्या आठवड्यापासून बाजरीची भाकरी सोडली. तिला मधुमेह आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका तक्त्यानं तिला पटवलं की आताच्या बाजरीत ‘चौपट कॅलरी’ असतात. तक्त्यात दोन रकाने. एकात अन्नघटकांच्या पुस्तकाची १९८९ सालची जुनी आवृत्ती, दुसऱ्यात २०१७ सालचं नवं पुस्तक, दोन्ही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची. मधे लाल बाण. खाली निष्कर्ष: संकरित बियाण्यानं धान्य निःसत्त्व झालं, सरकारी आकडेच सांगतात. वर ‘पुस्तकात थालीपीठच नाही’ असा आरोपही. भाकरीऐवजी आत्या आता चहात बुडवून टोस्ट खाते!

शंभर ग्रॅम बाजरीतल्या ऊर्जेचा आकडा जुन्या रकान्यात ३६१, नव्यात १४५६. अहो, एकक तरी वाचा. जुनं पुस्तक किलोकॅलरीत आहे, नवं किलोज्यूलमध्ये. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. १४५६ ला ४.१८४ नं भागा, ३४८ येतात. म्हणजे जुन्यापेक्षा तेरा कमीच. शंभर ग्रॅम निव्वळ तेलातसुद्धा नऊशेच्या आसपास कॅलरी असतात, मग बाजरीत साडेचौदाशे येणार कुठून? ज्यानं तक्ता केला त्यानं दोन्हीकडचे आकडे दशांशासकट उतरवले आणि एकक तेवढं गाळलं. त्यापायी एका मधुमेही बाईच्या ताटातली भाकरी गेली, याचा मला खरोखर संताप येतो.

चोथ्याचंही तसंच. १.२ ग्रॅमवरून ११.४९, म्हणून म्हणे ‘भुसा वाढला’. पूर्वी नमुना आधी आम्लात, मग अल्कलीत उकळायचे आणि उरेल तो चोथा धरायचे. त्या उकळण्यात बराचसा चोथा विरघळून जायचा. त्याला ‘क्रूड फायबर’ म्हणत. आता एन्झाइम घालून पचणारा भाग काढतात आणि न पचणारं सगळं मोजतात, ते ‘टोटल डाएटरी फायबर’. दाण्यात हे तंतू आधीही होतेच, मोजणीत येत नव्हते. आणि आत्यासारखीला तर हेच तंतू हवेत, साखर सावकाश चढते त्यांच्यामुळे.

लोह ८ मिलिग्रॅमवरून ६.४२, कॅल्शियम ४२ वरून २७. नव्या पुस्तकात लोहाच्या आकड्याशेजारी ±१.०४ असंही छापलंय, म्हणजे नमुन्यागणिक आकडा साधारण तेवढा मागेपुढे. देशाचे सहा विभाग करून नमुने गोळा केले, ते एकसारखे कसे निघतील? शिवाय दाण्याला चिकटलेली मातीसुद्धा लोह म्हणून मोजली जाते. नमुना किती पाखडला, कसा धुतला, कशात दळला, यावर आकडा हलतो. दोन पुस्तकांच्या वजाबाकीतून खरी घट किती ते कळत नाही.

घट कुठेच नाही, असं मात्र मला म्हणता येणार नाही. बिधानचंद्र कृषी विश्वविद्यालय आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संशोधकांनी जुनी-नवी वाणं सारख्याच परिस्थितीत वाढवून तपासली. १९६० च्या दशकातल्या भाताच्या वाणांत किलोमागे जस्त २७.१ मिलिग्रॅम होतं, २००० च्या दशकातल्या वाणांत २०.६. लोह ५९.८ वरून ४३.१ वर आलं. गव्हातही घट दिसली. हे गंभीर आहे. पण तिथं माती तीच, पद्धत तीच, बदललं ते फक्त वाण. तुलना करायची तर अशी. आणि त्यात बाजरी नव्हती.

राहिला ‘पुस्तकात थालीपीठच नाही’ हा आरोप. पुस्तक मुख्यतः कच्च्या जिनसांचं आहे: ५२८ जिनसा, १५१ घटक. शिजवलेल्या पदार्थाचा हिशेब त्यावरून वेगळा मांडावा लागतो.

काल आत्याच्याच फोनवर तो भागाकार करून दाखवला. तिनं स्वतः दोनदा करून पाहिला. तक्ता तिला भजनी मंडळाच्या ग्रुपवरून आला होता. तिथल्या आणखी किती जणींनी भाकरी सोडलीय, ते आज सकाळपासून ती एकेकीला फोन करून विचारतेय.