बायोनिकल ही जाहिरात होती, मान्य. मग पुढे?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि मुद्देसूद होती, त्यामुळे दोन ओळींत तिची बोळवण करत नाही. बायोनिकलवरच्या माझ्या लेखाला तुम्ही 'शिळ्या कढीला ऊत' म्हटलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेगोने ही मालिका दोनदा काढली आणि दोनदा गुंडाळली, म्हणजे ती चाललीच नाही. तिची कथा म्हणजे खेळणी खपवण्यासाठी रचलेली जाहिरात. भाग इतके खास घडणीचे की त्यांतून दुसरं काही होत नाही, मग त्याला 'जोडायचं खेळणं' का म्हणायचं? आणि वाढत्या वयाच्या माणसांनी प्लॅस्टिकच्या रोबोंवर एवढा जीव टाकणं म्हणजे बालपण न सुटल्याचं लक्षण. शेवटी विचारलंत, की हे सगळं वाचून कुणाला एखादा जुना सेट घ्यावासा वाटलाच, तर त्याने काय पाहून घ्यावा? हा प्रश्न बहुधा टोमणा होता. मी त्याचंही सरळ उत्तर देणार आहे.

मूळ लेख न वाचता थेट इथे आलेल्यांसाठी: बायोनिकल ही लेगोची 2001 ते 2010 या काळातली मालिका. दंडगोल डबीत तीसेक भाग, ते जोडले की हातभर नसला तरी वीतभर उंचीचा, मुखवटा घातलेला एक रोबो. पहिले सहा नायक म्हणजे टोआ: टाहू, गाली, लेवा, कोपाका, ओनुआ आणि पोहाटू. अनुक्रमे अग्नी, पाणी, हवा, बर्फ, माती आणि दगड. 2015 मध्ये मालिका नव्याने आली आणि 2016 मध्ये पुन्हा थांबली.

आता जाहिरातीचा मुद्दा. तुम्ही म्हणता त्याहून तो जास्त खरा आहे. कथेचं बीज ज्याच्या डोक्यातून आलं तो ख्रिश्चन फेबर कोपनहेगनच्या ॲडव्हान्स नावाच्या जाहिरात संस्थेत कला दिग्दर्शक होता. मुखवटे तर चक्क आत काय निघेल हे न कळणाऱ्या पाकिटांतून विकले जायचे. पोरांना गोळा करायला लावण्याचा धंदा होता, यात वाद नाही.

पण त्या जाहिरातवाल्याने काय केलं ते पाहा. 1986 साली फेबरच्या मेंदूत गाठ आढळली. कर्करोगाची नव्हती, पण औषध टोचून घेणं मागे लागलं. आपल्या शरीरात सैनिकांची तुकडी उतरते आहे आणि आतून लढते आहे, अशी कल्पना तो करू लागला. त्यातून आलेले टोआ. ते कुपीसारख्या डब्यांतून माता नुई नावाच्या बेटाच्या किनाऱ्यावर येऊन पडतात, तेही तुकड्यांत, आणि स्वतःला जोडून उभे राहतात. पोरगं डबी उघडून जे करणार तेच पात्र कथेत करतं. इथपर्यंत हुशार जाहिरात म्हणून सोडून देता येईल.

खरी मजा पुढे आहे. ज्या बेटावर हे सगळं घडतं ते बेट म्हणजे एका झोपलेल्या महाकाय रोबोच्या चेहऱ्यावर साचलेला पापुद्रा आहे. टोआ हे त्याच्यासाठीचं औषध, मकुटा हा कथेतला खलनायक म्हणजे त्याला झालेला रोग. ही गोष्ट वाचकांना कळली 2008 च्या अखेरीस. तोवर सात वर्षं बेट हे बेटच होतं. आणि मागे वळून पाहिलं की लक्षात येतं, सगळं आधीपासून जागच्या जागी ठेवलेलं होतं. 2002 साली बोहरॉक नावाच्या यंत्रकिड्यांची टोळधाड येते, बेटावर जे दिसेल ते सपाट करत सुटते, आणि आपण त्यांना खलनायक समजतो. प्रत्यक्षात त्यांचं काम एवढंच की रोबोला उठायची वेळ झाली की त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं साफ करायचं. नायक मंडळी शौर्याने लढतात ती सफाई कामगारांशी! विकायच्या मालाचा सगळ्यात मोठा धक्का सात वर्षं खिशात ठेवणारी जाहिरात मला तरी दुसरी ठाऊक नाही. (कथेनुसार त्या रोबोची उंची चार कोटी फूट आहे. इथे मात्र लेखकांनी हात जरा सैल सोडला होता, असं माझं मत आहे.)

आणि ही कथा एका जागी मिळत नव्हती. थोडी डीसी कॉमिक्सने काढलेल्या चित्रकथांत, थोडी मालिकेचा कथालेखक ग्रेग फार्श्टी याच्या पुस्तकांत, थोडी सेटबरोबरच्या पुस्तिकेत, आणि 2001 सालचा उत्तम भाग टेम्पलर स्टुडिओजने केलेल्या एका फ्लॅश खेळात, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या खेळात. त्या खेळात तुम्ही टोआ नसता. टाकुआ नावाचा एक साधा गावकरी असता, गावोगाव हिंडता, लोकांशी बोलता, आणि मोठी माणसं लांबून लढताना पाहता. खेळ वर्षभर प्रकरणा-प्रकरणाने येत गेला. ज्याला सगळं हवं होतं त्याला तुकडे शोधून स्वतः जोडावे लागत.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे, म्हणून जरा थांबतो. बायोनिकलच्या चाहत्यांना तुम्ही आठवणींत रमलेली माणसं समजता. मला ती कामाला लागलेली माणसं दिसतात. ही मालिका पहिल्या दिवसापासून अर्धवट अवस्थेत हातात आली आणि अर्धवटच सोडली गेली. पूर्ण झालेल्या वस्तूकडे बघत बसता येतं. अर्धवट वस्तू मात्र हाताला स्वस्थ बसू देत नाही.

उदाहरणं देतो. सेट 2010 मध्ये थांबले, पण फार्श्टी संकेतस्थळावर क्रमशः कथा लिहीत राहिला, आणि त्यातल्या काही मधेच तुटल्या. धागे आजही लोंबकळत आहेत. कथेत नुसतं नाव असलेली, कधी खेळणं न झालेली पात्रं डझनाने होती. मालिका बंद पडल्यावर दहाएक वर्षांनी चाहत्यांनी फार्श्टीला सोबत घेऊन स्पर्धा भरवल्या: अशा पात्राचं रूप तुम्ही बांधा, जिंकेल ते अधिकृत मानू. हेलरिक्स आणि अर्ताखा ही पात्रं अशी घडली. कंपनीने जे घडवायचं सोडलं ते घेणाऱ्यांनी घडवलं.

किंवा 'लेजंड ऑफ माता नुई' घ्या. सॅफायर नावाच्या स्टुडिओने केलेला हा संगणकीय खेळ 2001 मध्ये, प्रकाशनाच्या तोंडावर रद्द झाला. नंतर त्याची अपुरी आवृत्ती चाहत्यांच्या हाती लागली. ती कोसळायची, अडकायची, मधल्या काही गोष्टी नुसत्याच गायब. लोकांनी ती दुरुस्त करून शेवटपर्यंत खेळता येईल अशी केली. टेम्पलरचा तो फ्लॅश खेळही तसाच. 2020 च्या अखेरीस फ्लॅशचा आधार संपला, तोवर तो चाहत्यांनी जपून, संगणकावर उतरवून घेता येईल असा करून ठेवलेला होता. फुकट, फावल्या वेळात, कुणी सांगितलेलं नसताना. याला बालपण न सुटणं म्हणायचं असेल तर जुनी हस्तलिखितं लावणाऱ्यांनाही तेच म्हणावं लागेल.

'भागांतून दुसरं काही होत नाही' हा तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. मुखवटा हा मुखवटाच राहतो. पण आतला सांगाडा लेगो टेक्निकचा, म्हणजे लेगोच्या यांत्रिक जोडणीच्या मालिकेचा आहे: तेच दांडे, त्याच खुंट्या, तीच दातेरी चाकं. गोळा आणि वाटीचा सांधाही टेक्निकच्याच 1999 च्या स्लायझर मालिकेतून आलेला. 2001 च्या टोआच्या पाठीमागचं चाक फिरवा, आतली दातेरी चाकं फिरतात आणि हात वार करतो. 2004 मध्ये टोआंना कोपर आणि गुडघे मिळाले. माझा सर्वांत आवडता भाग तर बाहेरून दिसतही नाही. टोआच्या डोक्यात एक पारदर्शक रंगीत तुकडा असतो, त्याचं मागचं टोक मेंदूसारखं उघडं आणि पुढची टोकं डोळ्यांत. मागून उजेड पडला की मुखवट्यातले डोळे पेटतात. बॅटरी नाही, वायर नाही. हे ज्याने सुचवलं त्याला खेळणं कळत होतं.

चाहते स्वतःच्या रचनांना मॉक म्हणतात. त्यांत बोहरॉकची ढाल कुठे अवकाशयानाचा टप होते, कुठे कासवाची पाठ. टोआचं पाऊल कशाकशाला लावलेलं मी पाहिलंय ते विचारू नका. भाग जितका विचित्र, तितका त्याला भलत्या जागी बसवण्यात आनंद जास्त. चौकोनी विटेतून सगळं होतं, म्हणूनच तिथे असं डोकं लढवावं लागत नाही. हे माझं मत, भांडायची तयारी आहे.

'चाललीच नाही' हे मात्र साफ चूक. 2003-04 मध्ये लेगो कंपनी मोठ्या तोट्यात होती, 2004 मध्ये यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प यांच्याकडे सूत्रं गेली आणि सावरासावर सुरू झाली. त्या पडत्या काळात कंपनीच्या स्वतःच्या, म्हणजे कुणा चित्रपटाकडून हक्क विकत न घेतलेल्या मालिकांमध्ये बायोनिकल हा कमावता हात होता. पुढे विक्री उतरत गेली. माझ्या मते कारण कथेतच होतं: 2008 मध्ये पहिली डबी उघडणाऱ्या मुलाला सात वर्षांचा मागचा हिशेब माहीत असावा लागे. जुन्यांना जे घट्ट धरून ठेवत होतं त्यानेच नव्यांना दाराबाहेर ठेवलं. 2010 मध्ये जागा घेतली हीरो फॅक्टरी या लेगोच्याच दुसऱ्या मालिकेने. तिच्यासाठी 2011 मध्ये सोपी, मजबूत नवी जोडणी आली. 2015 चे टोआ त्याच जोडणीवर आले. सांधे उत्तम, कथा पातळ. दीड वर्षात खेळ आटोपला, आणि मला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही.

तुम्ही न काढलेले दोन दोष मीच काढतो, कारण ते तुमच्या दोषांपेक्षा जास्त टोचणारे आहेत. एक, मुली. सहा टोआंत स्त्री एकच, गाली, आणि ती पाण्याची. पुढे जवळजवळ प्रत्येक चमूत हाच साचा. इतकं मोठं विश्व रचणाऱ्यांना याहून जास्त सुचू नये? दोन, सुरुवातीला पात्रांसाठी माओरी भाषेतले शब्द विचारपूस न करता उचलले गेले. 2001 मध्ये माओरी गटांनी आक्षेप घेतला, तेव्हा कंपनीने काही नावं बदलली. बेटावरच्या गावकऱ्यांचं 'तोहुंगा' हे नाव जाऊन 'मातोरान' आलं ते त्यामुळे. चाहत्यांपैकी काहींना हे आठवलेलं आवडत नाही. मला वाटतं आठवावं.

राहिला वयाचा मुद्दा. त्यावर वाद घालण्यात मला रस नाही. लेगोने 90 व्या वर्षानिमित्त कोणती जुनी मालिका परत हवी असं विचारलं, तेव्हा बायोनिकलला भरघोस मतं पडली. 2023 मध्ये त्याची पावती म्हणून टाहू आणि टाकुआचा एक छोटा भेट-सेट निघाला, तोही साध्या विटांचा. जुन्या धाटणीचा खराखुरा टोआ नाही. ज्यांनी मतं दिली ती वय वाढलेली माणसंच होती. ती तो विटांचा टाहू हातात घेऊन आधी हसली आणि मग त्यात काय बदलता येईल यावर कामाला लागली.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. जुना सेट घ्यायचा तर सीलबंद डबीच्या नादी लागू नका, ती ठेवायची वस्तू आहे. सुटे, वापरलेले घ्या. 2006 नंतरच्या सेटमध्ये सांध्यांच्या वाट्यांना चिरा जातात, त्यातही पोपटी रंगाच्या वाट्या बदनाम आहेत, नुसतं पाहिलं तरी तडकतात असं चाहते म्हणतात. विकणाऱ्याकडून प्रत्येक सांध्याचा जवळून काढलेला फोटो मागा. गोळा वाटीतून काढताना सरळ ओढू नका, किंचित तिरपा करून हळू सोडवा आणि उगाच पुन्हा पुन्हा काढू नका. पांढरे भाग उजेडाने पिवळे पडतात, त्यामुळे कोपाका घेताना दिवसाच्या प्रकाशातला फोटो पाहा. पुस्तिका नसली तरी बिघडत नाही, जोडणीच्या जुन्या पुस्तिका लेगोच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. तुटलेल्या वाट्यांना आणि हरवलेल्या मुखवट्यांना त्रिमितीय छपाईचे पर्याय मिळतात. मुखवट्याला ते चालतात. सांध्याला वापरायचे तर माप नीट बसतंय ना, ते आधी तपासा.

पहिल्यांदा घेत असाल तर 2001 चेच घ्या, कोपर-गुडघे नसले तरी. जमलं तर गाली, कोपाका आणि लेवा हे तिघं एकत्र शोधा. तिघांचे भाग मिसळून वाइरुहा नावाचा एक मोठा टोआ होतो, ती जोडणी कंपनीनेच सुचवलेली आहे, आणि 'भागांतून दुसरं काही होत नाही' यावर तुमचं काय म्हणणं आहे ते तो बांधून झाल्यावर सांगा. एखादा भाग कमी पडला तर इथेच लिहा. निळे आणि हिरवे माझ्याकडे जास्तीचे आहेत. पांढऱ्यांचं वचन देत नाही, होते तेवढे सगळे पिवळे पडलेत.