नऊच्या वर मोजू नका

मालक, आधी अभिनंदन. मोंढ्यात गाळा होता तवर ठीक होतं, आता एमआयडीसीत शेड टाकलं, दाळमिल उभी केली, २७ माणसं कामाला लावली म्हणजे तुम्ही उद्योजक झालात, आणि उद्योजक झालं की दारात आधी वर्गणीवाले येतात अन् मागून लेबर कायदा. घाबरायचं नाही. मी लातूर भागात १५ वर्षं मालक लोकांचे हजेरीचे मस्टर लिहून पोट भरतोय, माझं ऐकाल तर कायदा तुमच्या गेटवरून राम राम घालून पुढं जाईल.

पहिलं म्हणजे मोजायला शिका, खरं तर मोजायचं थांबायला शिका. कारण कायदा सगळा डोकी मोजतो. १० झाली की ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी दवाखान्याचा विमा, १० झाली की ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना द्यायची रक्कम, १० झाली की बायांच्या तक्रारीसाठी समिती, २० झाली की पीएफ अन् बोनस. म्हणून हुशार मालकाचे पाढे नऊलाच संपतात. २७ माणसं आहेत ना? मग तीन फर्म काढा, एक तुमच्या नावानं, एक वहिनींच्या, एक पुण्याला शिकायला असलेल्या लेकराच्या, नऊ-नऊ-नऊ, झालं! आता गेट एकच, लाईटचं मीटर एकच, काटा एकच, चहावाला पण एकच, अन् पीएफवाले नेमकं तेच बघत येतात की वेगळ्या पाट्या लावल्या तरी धंदा एकच आहे का, पण ते आले तर बघू, आत्तापासून कशाला बीपी वाढवून घ्यायचा.

नेमणुकीचं पत्र तर चुकूनही देऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवे लेबर कोड लागू झाले अन् त्यात म्हणे प्रत्येक कामगाराला पत्र द्यायचं. तुमच्याकडं याच्यावर आधीपासूनच रामबाण आहे, खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "अरे तू तर घरचाच माणूस." घरच्या माणसाला कुणी पत्र देतं का? घरचा आहे म्हणून ओव्हरटाइमचे दुप्पट मागत नाही, पगार ७ तारखेच्या आत पाहिजे म्हणत नाही, अन् काढून टाकला तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब चुकता करा असं जे कोडात लिहिलंय ते त्याला माहीतच नसतं. त्याला फक्त "परवा ये" माहीत असतं. परवा आला की मालक बार्शीला गेलेले असतात.

पीएफमधे अडकलातच तर १२ टक्के त्याचे अन् १२ तुमचे असं असतंय. तुमचे १२ पण त्याच्याच पगारातून काढायचे, चालत नाही कायद्यात, पण पगार त्याच कपाटातून जातो ना. अन् काही दिलदार मालक तर कापतात आणि भरतच नाहीत. पोलीस केस होते त्याच्यात, विश्वासघाताची. पूर्वी कळायचं तरी नाही कुणाला, आता पोरं जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर पासबुक उघडून बसतात. मोबाईलनं वाटोळं केलं धंद्याचं.

ग्रॅच्युइटीचं सोपंय. पाच वर्षं भरू द्यायची नाहीत, साडेचार झाली की महिनाभर गावाकडं पाठवा अन् नव्या तारखेनं परत घ्या. ९ वर्षं नोकरी झालेला माणूस, १३ हजार पगार, तर १३ हजार भागिले २६ गुणिले १५ गुणिले ९, बसतात ६७,५००. एवढ्यात तुमच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात चौकात.

दाळ निवडणाऱ्या बाया असतीलच. सारख्या कामाला सारखी मजुरी हा नियम १९७६ च्या कायद्यापासूनचा, आता नव्या कोडात गेलाय, तुमच्या मिलपेक्षा जुना, म्हणजे वडीलधारा, त्याला नमस्कार करायचा अन् बायांना बाप्यांपेक्षा कमी द्यायचं चालू ठेवायचं. समिती मागितली कुणी तर तुम्ही, तुमचे बंधू अन् मॅनेजर अशी करा. अध्यक्ष बाईच पाहिजे, निम्म्या सदस्य बाया, एक सदस्य बाहेरचा, नाहीतर ५० हजारापर्यंत दंड, असलं काय वाचत बसू नका.

आता माझं खास काम. इन्स्पेक्टर येणार असं कळलं (नव्या कोडात त्याचं नाव इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर आहे, सुविधा शब्द बघून एक मालक लई खुश झाले होते) की वर्षाचं मस्टर एका रात्रीत लिहायचं असतंय. मागं एकदा मीच लिहिलं. तीन रंगांचे पेन, थर्मासमधे चहा, अन् रजिस्टर कोरं करकरीत दिसू नये म्हणून पानांच्या कडा तुरीच्या चुनीत घासून घेतल्या. सह्या मॅनेजरनं डाव्या हातानं केल्या, अंगठे सगळे वॉचमनचे. पहाटे चारला काम उरकलं, अन् साहेबांनी दुसऱ्या दिवशी पहिलंच पान उघडून विचारलं, "३१ जूनला नऊच्या नऊ हजर होते का?"

बोनस राहिला. कमीत कमी ८.३३ टक्के म्हणतंय सरकार. त्यापेक्षा सोनपापडीचा डबा अन् एक टी-शर्ट. पाठीवर मिलचं नाव अन् तुमचा मोबाईल नंबर मोठ्या अक्षरात, बोनसचा बोनस अन् जाहिरातीची जाहिरात. ही आयडिया माझ्याच एका मालकाची, माझी नाही.

त्याच मालकाकडं सकाळी दहाच्या सुमारास पट्ट्यात एकाची बोटं गेली. १२ हजार पगाराचा माणूस, ईएसआयला मालकाचा वाटा ३.२५ टक्क्यांनी महिन्याला ३९० रुपये बसला असता, पण नऊ-नऊ-नऊ. मालकांचा मला फोन, त्याला आज सकाळीच कामावर घेतला असं दाखवता येईल का? म्हटलं, दाखवू, पण कुठल्या फर्ममधे? बराच वेळ आवाज नाही. मग म्हणले, थांब, तो आपला नव्हताच, दाळ न्यायला आलेला गिऱ्हाईक होता, दवाखान्यात तसंच सांगायचं ठरवू.

तेवढ्यात त्यांचा दुसरा फोन वाजला. दवाखान्यातून नर्सबाई. पेशंटला पालथं केलं होतं, नंबर पाठीवर होता.